फडताळातल्या जुन्या डब्यांकडे परतताना

दोन वर्षांपूर्वी माळा आवरताना मला माझ्या कॉलेजच्या दिवसांतली स्नोची काचेची बरणी सापडली. आईने तिच्यात शर्टाची बटणे साठवली होती आणि स्नोचा वास तर कधीच उडून गेला होता. तरीही दुसऱ्या दिवशी मी त्याच जातीची नवी बरणी विकत आणली आणि विशीतल्या सवयीने बोटभर स्नो चेहऱ्यावर चोळला. दुपारी बँकेत रांगेत उभी असताना काउंटरच्या काचेत सहज पाहिले, तर नाकपुड्यांच्या कडेला आणि गालांच्या सुरकुत्यांत पांढरी पापडी धरलेली होती. यात दोष स्नोचा मुळीच नव्हता. स्नो किंवा व्हॅनिशिंग क्रीम म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्ल, त्याचा थोडा भाग क्षाराने साबणासारखा केलेला, पुष्कळ पाणी आणि जरासे ग्लिसरीन. पाणी उडून गेले की त्वचेवर स्टिअरिक आम्लाचा पातळ, कोरडा थर उरतो आणि त्यावर पावडर छान बसते. विशीतल्या तेलकट चेहऱ्याला हेच हवे असते. रजोनिवृत्तीनंतर मात्र तेलग्रंथींचे काम मंदावते, त्वचा कोरडी पडते आणि तोच थर तिच्यावर भिंतीच्या जुन्या चुन्यासारखा सुटू लागतो.

म्हणून तरुणपणीच्या प्रसाधनांकडे परत जाण्याची इच्छा झाली, तर दुकानात जाण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आपण काय काय वापरत होतो, ते कोणत्या ऋतूत वापरत होतो, त्या वेळी आपली त्वचा कशी होती आणि त्या वस्तूकडून नेमके कोणते काम होत होते, हे प्रत्येक वस्तूपुढे लिहावे. असे लिहिले की लक्षात येते की यादीतल्या निम्म्या वस्तू आपल्याला त्यांच्या वासासाठी हव्या असतात. वासासाठी हव्या असलेल्या वस्तू चेहऱ्याला लावण्याची गरज नसते. ओडिकोलोनचे दोन थेंब रुमालावर टाकावेत, चंदनाच्या साबणाची वडी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवावी, वाळ्याची जुडी पिण्याच्या माठात सोडावी. त्वचेच्या कामासाठी हव्या असलेल्या वस्तूंचा विचार मात्र आजच्या त्वचेकडे पाहूनच करावा लागतो.

नाव तेच राहिले म्हणून आतला माल तोच राहिला, असे गृहीत धरू नये. अफगाण स्नो मुंबईच्या पाटणवाला यांनी 1919 मध्ये बाजारात आणला. लॅक्मे 1952 मध्ये टाटांच्या घरात सुरू झाली आणि 1990च्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्थान लिव्हरकडे गेली. दिवाळीच्या पहाटेशी कायमचा जोडला गेलेला मोती साबण मूळचा टाटा ऑइल मिल्सचा, तोही पुढे त्याच कंपनीकडे आला. मालक, कारखाने, कच्चा माल आणि कायदे बदलत गेले की कृतीही बदलू शकते. तेव्हा वेष्टनाची मागची बाजू भिंग घेऊन वाचावी. साबणाच्या बाबतीत टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धांश, हा एक आकडा पाहिला तरी बरेच कळते. भारतीय मानकानुसार पहिल्या दर्जाच्या अंगाच्या साबणात तो किमान 76 टक्के, दुसऱ्यात 70 आणि तिसऱ्यात 60 टक्के असावा लागतो, आणि ज्या वडीवर ‘बेदिंग बार’ असे छापलेले असते ती या अर्थाने अंगाचा साबण नसतेच. कोरड्या त्वचेसाठी 76च्या वरची वडी घ्यावी. तीही रोज सर्वांगाला न लावता काखा, जांघा आणि पावले एवढ्यापुरती ठेवावी, कारण चांगल्यातला चांगला साबणही क्षारधर्मी असतो आणि त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी.

‘हे तर मी वीस वर्षे लावले आहे’ या भरवशावर कोणतीही वस्तू एकदम चेहऱ्याला लावू नये. वर्षानुवर्षे चाललेल्या पदार्थाचीही उतारवयात ॲलर्जी होऊ शकते. कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर ती वस्तू दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावी. धुऊन टाकण्याची वस्तू असेल तर नेहमी जितका वेळ ठेवणार तितकाच वेळ ठेवून धुवावी. लाली, खाज किंवा पुरळ आले नाही तरच पुढे जावे. एका वेळी एकच जुनी वस्तू आणावी आणि दुसरी आणण्यापूर्वी दोन आठवडे जाऊ द्यावेत. तीन वस्तू एकदम सुरू केल्या आणि गालावर पुरळ उठले, तर गुन्हेगार कोण हे शोधता शोधता तिन्ही टाकून द्याव्या लागतात.

आता उटण्याकडे वळू. माझ्या मते परत आणण्याजोग्या वस्तूंत त्याचा मान पहिला आहे, मात्र नरकचतुर्दशीला मिळणाऱ्या रंगीत पुडीपेक्षा ते घरी करावे. काष्ठौषधींच्या दुकानात जिन्नस अख्खे मागावेत, कारण अख्खा नागरमोथा, वाळा किंवा कपूरकाचरी डोळ्यांनी ओळखता येते, पुडीतली भुकटी ओळखता येत नाही. माझे प्रमाण असे आहे: मसूरडाळ 200 ग्रॅम, मुलतानी माती 50 ग्रॅम, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हला कचोरा आणि वाळलेल्या गुलाबपाकळ्या प्रत्येकी 25 ग्रॅम, आणि आंबेहळद 10 ग्रॅम. तारुण्यात मुलतानी माती याच्या दुप्पट चालत असे, कारण ती तेल शोषून घेते. आता शोषायला तेलच फारसे नसते. चंदनाची भुकटी मी घालत नाही. खरे चंदन इतके महाग आहे की स्वस्त पुडीत ते असेल यावर माझा विश्वास नाही. हौस असेल तर चंदनाचे खोड आणून सहाणेवर चार वेढे उगाळावे आणि ते गंध आयत्या वेळी उटण्यात मिसळावे. बावची मात्र कोणी सुचवली तरी घालू नये, कारण तिच्यातल्या सोरालेनमुळे ऊन लागताच त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात.

जिन्नस दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवून, दळून, वस्त्रगाळ करावेत. ही वस्त्रगाळ करण्याची पायरी हल्ली सर्रास वगळली जाते आणि तिथेच घात होतो. पिठाच्या चाळणीतून गेलेल्या उटण्यात नागरमोथ्याचे आणि वाळ्याचे बारीक तुसासारखे कण राहतात आणि ते वयस्क, पातळ झालेल्या त्वचेवर ओरखडे काढतात. जुन्या सुती साडीचा तुकडा पातेल्याच्या तोंडाला सैलसर बांधावा, त्यावर मूठभर चूर्ण टाकावे आणि बोटांनी हलकेच फिरवत राहावे. खाली जे पडेल ते चेहऱ्यासाठी, वर जे उरेल ते पाठीसाठी आणि टाचांसाठी. कोरडे चूर्ण घट्ट झाकणाच्या बरणीत सहज दिवाळी ते दिवाळी टिकते. दूध, साय किंवा गुलाबपाणी घालून कालवलेले उटणे मात्र त्याच दिवशी संपवावे. घरी केलेल्या प्रत्येक प्रसाधनाला हाच नियम लावावा: पाणी लागले की दिवस मोजायला लागायचे, कारण त्यात बुरशी रोखणारे काहीही नसते.

लावण्याआधी अंगाला कोमट तिळाचे तेल जिरवून पंधरा-वीस मिनिटे बसावे. उटणे दुधात कालवून भज्याच्या पिठापेक्षा किंचित सैल करावे, अंगावर पसरावे आणि ओलसर असतानाच कोमट पाण्याने धुवावे. लहानपणी आजी ते पूर्ण वाळू देत असे आणि मग खसाखसा चोळून वळ्या काढत असे. सात वर्षांच्या मुलाच्या पाठीला ते सोसते, साठीच्या गालाला सोसत नाही. आणखी दोन गोष्टी कोणत्याही पुडीवर छापलेल्या नसतात. तेल आणि उटणे मिळून न्हाणीघरातली फरशी भयंकर निसरडी होते, म्हणून रबरी चटई घालून, पाट किंवा स्टूल घेऊन बसूनच स्नान करावे. आणि मोरीच्या जाळीवर जुने फडके टाकावे, नाहीतर डाळीचे पीठ नळीत जाऊन बसते आणि भाऊबिजेच्या दिवशी प्लंबर शोधावा लागतो. हे मी अनुभवाने सांगते आहे.

शिकेकाईचे प्रकरण अधिक कष्टाचे आहे आणि ज्यांना फेसाची सवय झाली आहे त्यांची पहिल्या दोन-तीन वेळा निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवते. अर्धा किलो शिकेकाईच्या शेंगांना 100 ग्रॅम आवळकाठी, 50 ग्रॅम रिठ्याची साले, 50 ग्रॅम मेथी आणि 50 ग्रॅम नागरमोथा घ्यावा. रिठ्याचे प्रमाण पूर्वी आमच्याकडे दुप्पट असे, परंतु रिठा मैलाबरोबर केसांचे तेलही पार ओढून नेतो, आणि पिकलेले केस आधीच रखरखीत असतात. घरच्या मिक्सरमध्ये हे दळू नये. शिकेकाईचा धुरळा नाकात गेला की घरभर शिंका सुरू होतात आणि भांड्याला लागलेला वास पुढे महिनाभर चटणीला येतो. शिकेकाई दळून देणाऱ्या गिरण्या अजूनही गावोगावी आहेत, त्यांच्याकडे न्यावी.

दळलेली शिकेकाई थेट केसांत चोळण्याऐवजी तिचा काढा वापरावा, कारण पूड केसांत अडकली की निघता निघत नाही आणि लोक तिलाच कोंडा समजतात. दोन मोठे चमचे पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालावी, सकाळी मंद आचेवर दहा मिनिटे उकळावी, पाण्याला गडद तपकिरी रंग आला की उतरवून मलमलीच्या फडक्यातून गाळावे आणि कोमट झाल्यावर मान मागे करून केसांवर ओतावे. डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते, म्हणून कपाळावर टॉवेलची घडी धरावी. शिकेकाई आणि रिठा यांच्यातली सॅपोनिन्स, म्हणजे फेस आणणारी द्रव्ये, जड पाण्यातही आपले काम करतात, साबणासारखा चिकट साका धरत नाहीत. बोअरवेलच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरांना हा मोठा फायदा आहे. मात्र केसांना रंग लावत असाल तर तो लवकर उतरू शकतो. मेंदी लावणाऱ्यांनी हिरवी, निव्वळ पानांची पूड घ्यावी आणि ‘काळी मेंदी’ या नावाने मिळणाऱ्या पुड्यांवर पीपीडी हे अक्षरत्रय आहे का ते पाहावे. त्या रसायनाची ॲलर्जी झाली तर पापण्या सुजून डोळे मिटण्यापर्यंत वेळ येते.

केसांना खोबरेल लावण्याच्या सवयीला आक्षेप घेण्याचे कारण नाही. त्यातले लॉरिक आम्ल, जे खोबरेलाचा जवळजवळ निम्मा भाग असते, केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. म्हणून न्हाण्याआधी तासभर तेल लावणे हे न्हाल्यानंतर लावण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते. परंतु ज्यांच्या डोक्यात कोंडा आहे त्यांनी रात्रभर तेल ठेवू नये. कोंड्यामागे त्वचेवर राहणारी एक बुरशी असते आणि ती तेलावरच पोसली जाते, तेव्हा ‘कोंडा झाला आहे, चांगले तेल थाप’ हा आपल्या आयांचा सल्ला आदरपूर्वक बाजूला ठेवावा लागतो. चेहऱ्यालाही खोबरेल जपूनच लावावे, कारण अनेकांची रंध्रे त्याने बुजतात.

हिवाळ्यासाठी कोल्ड क्रीम मात्र निःशंकपणे परत आणावे. स्नोच्या नेमके उलट, त्यात तेलाचा आणि मेणाचा वाटा मोठा असतो. पाणी उडताना थंडावा जाणवतो, म्हणून हे नाव. रात्री चेहरा ओलसर असतानाच ते वाटाण्याएवढे घेऊन लावावे. ग्लिसरीन आणि गुलाबपाणी हे जुने जोडपेही उत्तम आहे, फक्त एका भागाला तीन भाग गुलाबपाणी असे प्रमाण ठेवावे, कारण नुसते ग्लिसरीन कोरड्या हवेत त्वचेतूनच पाणी ओढून घेते. कैलास जीवनची डबी तर अनेक मराठी घरांतून कधी गेलीच नाही. तिच्यात कापूर असल्याने डोळ्यांच्या अगदी जवळ आणि तान्ह्या बाळाला ती लावू नये. स्नोची आवड सुटतच नसेल तर आधी कोल्ड क्रीम किंवा साधे मॉइश्चरायझर जिरू द्यावे आणि मग स्नो फक्त कपाळ आणि नाक एवढ्यावरच, बोटाच्या टोकाने लावावा. या साऱ्या जुन्या वस्तूंत उन्हापासून संरक्षण करणारे काहीही नाही. तरुणपणी आपण छत्रीवर आणि पदरावर भागवले; आता दिवसा बाहेर पडताना वरून किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन लावावेच.

पावडरीचा डबा मी परत आणला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2024 मध्ये टाल्कला, म्हणजे अशा पावडरीतल्या मुख्य खनिजाला, ‘बहुधा कर्ककारक’ या गटात टाकले आहे. ज्यांना सोडवत नाही त्यांनी ती तोंडापासून दूर तळहातावर घ्यावी, हवेत उडवू नये, जननेंद्रियांच्या जवळ लावू नये आणि नातवंडांना तर मुळीच लावू नये. चेहऱ्याला लिंबू चोळणे, खायचा सोडा लावणे आणि गोरे करण्याचे वचन देणारी कोणतीही बिनलेबलची मलमे, ही आपल्या तरुणपणाची अंगे आठवणीतच राहू द्यावीत. पहिल्या दोहोंनी त्वचेचे आम्ल-क्षार संतुलन बिघडते, लिंबावर ऊन पडले तर चट्टे उठतात, आणि तिसऱ्यात पारा किंवा स्टिरॉइड असू शकते. घरी धरलेले काजळ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोळ्यांत घालू नये, आणि सुरमा तर त्यातल्या शिशामुळे कधीच घालू नये.

कुंकवाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे जुनी पद्धत नव्या पद्धतीपेक्षा खरोखरच सरस असू शकते. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल नावाचे रसायन असू शकते आणि त्यामुळे काही बायकांच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. तसा डाग दिसू लागला की टिकली त्याच दिवशी बंद करून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. पर्याय म्हणून मेण-कुंकू आहेच. मात्र कुंकूही हळदीचेच हवे. हळकुंडांवर लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांची प्रक्रिया करून ते तयार होते आणि सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले केम हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. भडक, चकाकणारे, घामाबरोबर गुलाबी ओघळ सोडणारे स्वस्त पिंजर रासायनिक रंगाचे असण्याचा संभव असतो आणि त्यानेही खाज उठते. विकत घेताना दुकानदाराला ‘हळदीचे’ असे स्पष्ट सांगावे आणि घरी आणल्यावर तेही कपाळाआधी कोपरावरच लावून पाहावे. मेण घरी करणे सोपे आहे. मधमाश्यांच्या मेणाचा एक भाग आणि खोबरेलाचे दोन भाग एका वाटीत घालून ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी, वितळले की ढवळून छोट्या डबीत ओतावे. वैशाखात ते फार मऊ पडते, तेव्हा मेण थोडे वाढवावे. अनामिकेने मेणाचा गोल कपाळावर दाबून बसवावा, त्यावर कुंकू टेकवावे आणि जास्तीचे फुंकर न मारता कोरड्या बोटाने टिपून घ्यावे, म्हणजे ते पापण्यांवर पडत नाही.

शेवटी टाचांची भेगाळलेली गोष्ट. माझ्या सासूबाई कोकणातल्या, त्यामुळे आमच्या घरी फळीवर कोकमाच्या तेलाचा फिकट पिवळसर गोळा कायम असे. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर आलेले तेल गोळा करतात आणि थंड होताना हाताने त्याचे गोळे वळतात. मालवणकडे त्याला मुठेल म्हणतात, गोव्यात भिंडेल. ते साध्या हवेत मेणासारखे घट्ट राहते आणि चाळीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणूनच भेगेत घातले की तिथेच थिजून बसते, पातळ तेलासारखे चादरीला लागून जात नाही. पावले पंधरा मिनिटे कोमट पाण्यात बुडवून ठेवावीत आणि वजरी अगदी हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवावी. मधुमेह असलेल्यांनी वजरी वापरूच नये, कारण पावलांची संवेदना कमी झाली असेल तर जखम झालेली कळतही नाही. पाय पुसून कोरडे झाले की गोळ्याचा नखाएवढा तुकडा सुरीने खरवडून पळीत घ्यावा, गॅसवर क्षणभर धरावा, आणि वितळलेले तेल आधी मनगटावर टेकवून चटका बसत नाही ना याची खात्री करून मगच कापसाच्या बोळ्याने भेगांत भरावे. वर जुने सुती मोजे घालून झोपावे. गोळा खरेदी करताना नाकाशी धरून पाहावा. ताज्या तेलाला जवळजवळ वास नसतो आणि खवट वास आला तर तो घेऊ नये. घरी आणल्यावर कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवला की एक गोळा दोघांच्या टाचांना आरामात दोन हिवाळे पुरतो.